चुना, दूध आणि हाडं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती. आमच्या घरच्या मंडळींनी तर जरूर वाचा, कारण हे मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

माझे धाकटे दीर जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांचं दिवसकार्य झालं, वर्षश्राद्ध झालं, मध्यंतरी घरात एक बारसंही झालं. पण चार माणसं जमली की प्रश्न तोच निघतो, "शेवटी त्यांचं कॅल्शियम एवढं कशानं हो वाढलं?" आणि उत्तरंही ज्याची त्याची तयार असतात. कोणी म्हणतं, जन्मभर तंबाखूला चुना लावून खाल्ला, तो अंगात साठला. कोणी म्हणतं, आजारपणात दूध फार पाजलं. हे दुसरं उत्तर कोणी दिलं की माझी धाकटी जाऊ काही बोलत नाही, उठून आत जाते. दूध पाजणारी तीच होती ना!

शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि शाळेत भाषा शिकवली. पण शाहापूरच्या शाळेतली माझी एक जुनी विद्यार्थिनी आता डॉक्टर आहे. तिला मी फोनवर खूप छळलं, तिनं सांगितलेली पानं वाचली, न समजलेलं पुन्हा विचारलं. त्यातून जे कळलं ते इथे क्रमानं मांडते.

आधी काय झालं ते थोडक्यात. भाऊजी मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी शेती बघायचे. तंबाखू आणि चुन्याची डबी कायम कमरेला. गालाचा कॅन्सर निघाला, मुंबईला ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे म्हणतात ती 'लाइट' झाली. वर्षभर बरं गेलं. नंतर तो मानेत आणि फुफ्फुसात पुन्हा आला. तोंड पुरतं उघडायचं नाही, म्हणून पातळ पेज, वरणाचं पाणी आणि दूध यावर चाललं होतं. मृग लागला आणि त्यांची तब्येत एकाएकी उतरली. आधी पोट साफ होईना, मळमळ सुरू झाली. सारखी तहान लागायची आणि रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायचे. पुढे नुसती झोप. जागे झाले तरी भलतंच बोलायचे. ज्या माणसाला म्हशाच्या जत्रेतून आणलेला प्रत्येक बैल नावानं आठवायचा, तो पोटच्या मुलाला "तू कोणाचा रे?" विचारू लागला.

घरात सगळ्यांनी समजून घेतलं की आजार मेंदूत गेला. तपासायला आलेल्या डॉक्टरांनीही "आता घरीच ठेवा" असं सांगितलं. मी शाहापूरहून किन्हवली, सरळगाव करत एसटीनं गावी पोचले, त्यांची अवस्था पाहिली आणि त्या डॉक्टर विद्यार्थिनीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाई, त्यांचं कॅल्शियम बघितलंय का?"

कोणी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. निरोगी माणसाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. भाऊजींचं आलं १३.६. शिवाय त्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरून अडीच ग्रॅमवर आलं होतं, ते चारच्या आसपास हवं. कॅल्शियमचा बराच भाग या प्रथिनाला चिकटून फिरतो, त्यामुळे ते कमी असलं की आकडा खऱ्यापेक्षा लहान दिसतो. एका ग्रॅमच्या तुटीला ०.८ मिळवायचे असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. तो हिशेब केला तर खरा आकडा १४.८ झाला. एवढ्या कॅल्शियमनं शहाणासुरता माणूस गुंगीत जातो, आतडी सुस्त होतात, तहान आणि लघवी वाढते. म्हणजे तो भ्रम मेंदूत गेलेल्या कॅन्सरचा नव्हता, रक्तातल्या कॅल्शियमचा होता.

आता मूळ प्रश्न. हे आलं कुठून?

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं शंभरातलं नव्व्याण्णव हाडांत आणि दातांत. रक्तात फिरतं ते अगदी चिमूटभर, पण त्या चिमटीवर स्नायू, नसा आणि हृदय चालतात. शाहापूरकरांना हे समजायला सोपं आहे. आपल्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. हाडं म्हणजे तसं धरण समजा आणि रक्त म्हणजे त्याचा पाट. पाटातलं पाणी कमी झालं की दरवाजा थोडा उचलायचा, पुरेसं झालं की खाली करायचा. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण तिथे रात्रंदिवस काम चालू असतं. काही पेशी हाड खणत असतात आणि काही बांधत असतात.

दरवाजा उचलायची चिठ्ठी लिहितात त्या गळ्यातल्या परावटू ग्रंथी. इंग्रजी नाव पॅराथायरॉइड. बहुतेकांना त्या चार असतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. त्या कशा सापडल्या याची हकीकत मोठी गमतीची आहे. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक गेंडा मेला. गेंडा आपला, भारतीय जातीचा! रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञानं त्याचं विच्छेदन केलं, तेव्हा मानेत थायरॉइडला चिकटलेली एक लहानशी पिवळसर ग्रंथी त्यानं टिपून ठेवली. माणसात या ग्रंथी नीट दाखवल्या त्या स्वीडनमधल्या ईवार सँडस्ट्रॉम नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं. त्याचा निबंध १८८० साली छापून आला.

या ग्रंथी रक्तातल्या कॅल्शियमवर सारखी नजर ठेवून असतात. ते कमी झालं की त्यांचा रस, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन, रक्तात सुटतो. तो हाडांना सांगतो 'थोडं सोडा' आणि मूत्रपिंडांना सांगतो 'कॅल्शियम बाहेर टाकू नका'. पातळी भरली की ग्रंथी गप्प बसतात.

कॅन्सरमध्ये हा बंदोबस्त मोडतो. पूर्वी समजूत होती की कॅन्सर हाडात शिरतो, हाड पोखरतो, म्हणून कॅल्शियम सांडतं. काही कॅन्सरमध्ये तसं होतंही. पण हाडात काही नसलेल्या किंवा अगदी थोडं असलेल्या रुग्णांचंही कॅल्शियम चढलेलं दिसे, त्याचं काय? १९४१ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अशाच एका रुग्णाची चर्चा झाली. मूत्रपिंडाचा कॅन्सर, हाडात त्याची एक गाठ. कॅल्शियम जास्त होतं आणि फॉस्फरस कमी. फुलर अल्ब्राइट या डॉक्टरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. नुसतं हाड विरघळत असेल तर कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही वाढायला हवा. तो कमी आहे, म्हणजे हे परावटूच्या रसासारखं काम आहे. त्या गाठीवर रेडिएशन दिल्यावर कॅल्शियम उतरलंही होतं. तेव्हा गाठ स्वतःच तसला रस तयार करत असावी, असा तर्क त्यांनी मांडला.

योगायोग असा की परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं तेही १९४१ सालीच, २८ फेब्रुवारीला. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तंबाखू खाणं आणि तोंडाचा कॅन्सर यांच्या संबंधावर काम केलं. एकीकडे आपल्या लोकांच्या तोंडात काय चाललंय याचा शोध, दुसरीकडे बोस्टनला कॅल्शियमचं कोडं. भाऊजींच्या आजारात या दोन गोष्टी एकत्र आल्या.

अल्ब्राइट यांचा तर्क जवळजवळ बरोबर निघाला, पण पुरावा मिळायला शेहेचाळीस वर्षं लागली. १९८७ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जॅक मार्टिन यांच्या गटानं फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींमधून एक प्रथिन वेगळं केलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या गटांनाही ते मिळालं. तो परावटूचा रस नव्हता, त्याचा नातेवाईक होता. नावही तसंच पडलं, पॅराथायरॉइड हार्मोन रिलेटेड प्रोटीन. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या दोघांच्या माळेतल्या पहिल्या तेरा मण्यांपैकी आठ अगदी तेच आहेत. पुढची माळ बरीच वेगळी आहे. (पेपर तपासताना दोघांच्या उत्तरातले पहिल्या तेरांपैकी आठ शब्द तेच आले तर आम्ही दोन्ही पेपर बाजूला काढून ठेवायचो!) हाडं आणि मूत्रपिंडं मात्र एवढी चौकशी करत नाहीत. चिठ्ठीचा मायना ओळखीचा दिसला की दरवाजा उचलतात. कॅल्शियम चढलेलं बघून खऱ्या परावटू ग्रंथी बिचाऱ्या केव्हाच गप्प झालेल्या असतात. पण गाठीला पातळीशी काही देणंघेणं नसतं, ती चिठ्ठ्या पाठवतच राहते.

आता तुम्ही म्हणाल, कॅन्सरला ही विद्या कोणी शिकवली? मीही हेच विचारलं. त्याचं उत्तर ऐकून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

कोणी शिकवली नाही. ते प्रथिन मुळात आपलंच आहे, अगदी जन्माच्या आधीपासूनचं. पोटातल्या बाळाची हाडं वाढतात ती त्याच्या देखरेखीखाली. आपल्या कातडीच्या पेशी ते थोडं थोडं बनवत असतात, पण तो घरातल्या घरातला निरोप असतो, बाहेर जात नाही. तोंडाचं, अन्ननलिकेचं, गर्भाशयाच्या मुखाचं अस्तर त्याच जातकुळीच्या पेशींचं. म्हणून त्या अस्तरातून उठणाऱ्या कॅन्सरमध्ये कॅल्शियम चढण्याचा हा प्रकार जास्त दिसतो. फुफ्फुसाचे काही, मूत्रपिंडाचे आणि स्तनाचेही कॅन्सर हेच करतात.

आणि एका प्रसंगी निसर्ग हा निरोप मुद्दाम घराबाहेर पाठवतो. बाई बाळाला अंगावर पाजत असते तेव्हा. दुधातून रोज साधारण दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम बाळाला जातं. ते आईच्या नुसत्या जेवणातून पुरं पडत नाही. मग आईचे स्तनच हे प्रथिन तयार करून रक्तात सोडतात आणि तिच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेतात. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या मणक्यांची घनता शंभराला पाच ते दहानं उतरते. बाळ वरचं खायला लागलं, पाजणं सुटलं की चिठ्ठ्या बंद होतात आणि बहुतेक बायकांची हाडं वर्षभरात पुन्हा भरून येतात. उसनं दिलेलं परत मिळतं.

माझ्या धाकट्या जावेनं चार मुलं अंगावर पाजली. म्हणजे चार वेळा तिच्या हाडांनी ही चिठ्ठी वाचली, दरवाजा उचलला आणि वेळ झाल्यावर खाली केला. भाऊजींच्या अंगात आलेली चिठ्ठी तीच होती. लिहिणारा हात मात्र भलता होता, आणि त्याला थांबणं माहीत नव्हतं. कॅन्सरनं नवीन काहीच शोधलं नाही. आईच्या अंगातली जुनी, चांगली रीत त्यानं उचलली आणि वाटेल तशी वापरली.

म्हणून दुधाबद्दल स्पष्ट लिहिते. या प्रकारात जास्तीचं कॅल्शियम येतं ते हाडांतून, आणि मूत्रपिंडं ते धरून ठेवतात म्हणून. आतड्यांतून ते जास्त शोषलं जात नाही. दोन वेळच्या कपभर दुधानं १४.८ होत नाही, आणि दूध बंद केलं असतं तर ते उतरलंही नसतं. ज्या माणसाला घास गिळता येत नव्हता, त्याच्या पोटात ते दूध अन्न म्हणून गेलं. तिनं केलं ते योग्यच केलं. हे वाक्य घरातल्या प्रत्येकानं तिला एकदा वाचून दाखवावं.

चुन्याचंही सांगते. पानातून चुना फार खाल्ल्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची काही उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत, त्यामुळे ती शंका अगदीच वेडगळ नाही. पण भाऊजींनी ऑपरेशननंतर चुन्याच्या डबीला हात लावलेला नव्हता, तोंडच उघडत नव्हतं तर लावणार कुठून? आणि चुना असा वर्षानुवर्षं साठून राहून एके दिवशी बाहेर पडत नाही. चुन्याचा गुन्हा वेगळा आहे. तो तंबाखूतलं निकोटीन चटकन मोकळं करतो आणि गालाच्या आतलं अस्तर सोलतो. त्यानं कॅल्शियम वाढवलं नाही, पण तंबाखूच्या जोडीनं कॅन्सरला वाट करून दिली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. कमरेची डबी मात्र ज्याची त्यानेच बंद करायची असते. घरातल्या तरुण मंडळींची नावं लिहीत नाही, त्यांना कळेल.

सगळ्या कॅन्सरमध्ये हा एकच मार्ग असतो असं नाही. ढोबळ मानानं शंभरातल्या ऐंशी रुग्णांत ही चिठ्ठी सापडते. उरलेल्यांपैकी बहुतेकांत कॅन्सर खरोखरच हाडात बसलेला असतो. मायलोमा नावाच्या आजारात किंवा हाडांत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो शेजारच्या हाड खणणाऱ्या पेशींना जागच्या जागी चिथावतो. काही लिम्फोमांत ड जीवनसत्त्वाचं तयार रूप फार बनतं, मग आतडीच जास्त कॅल्शियम ओढतात. तिथे आहाराचा विचार करावा लागतो आणि स्टेरॉइडचा उपयोग होतो. गाठीनं खराखुरा परावटूचा रसच बनवला, असं अगदी क्वचित घडतं.

आता उपचार. यातलं एक दुष्टचक्र समजून घेण्यासारखं आहे. कॅल्शियम चढलं की मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वाढते, अंग सुकतं. अंग सुकलं की मूत्रपिंडांचं काम मंदावतं आणि कॅल्शियम आणखी चढतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आपल्याकडे म्हणतात तसं! त्यामुळे पहिला उपाय अगदी साधा, सलाइन. त्याच्याबरोबर झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात, ते हाड खणणाऱ्या पेशींना थोपवतं. त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार दिवस लागतात. तोवर घाई असेल तर कॅल्सिटोनिन देतात. मूत्रपिंडं फारच थकलेली असतील तर डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन आहे. पण यातलं काहीही गाठीला हात लावत नाही. गाठ आटोक्यात नसेल तर काही आठवड्यांत कॅल्शियम पुन्हा चढतं. तिनं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काही लपवलं नाही.

भर पावसात भाऊजींना कल्याणला नेलं. दोन दिवस सलाइन चाललं, इंजेक्शन झालं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि अडखळत म्हणाले, "वहिनी, लावणी उरकली का?"

उरकली नव्हती. घरी आल्यावर ओटीवर खाट टाकून त्यांनी ती पाहिली. त्यानंतर पाच आठवडे मिळाले. त्या पाच आठवड्यांत सातबारा कुठे ठेवलाय, सोसायटीचं किती देणं आहे, हे त्यांनी मुलाला सांगितलं. नाशिकहून लेक आली, तिच्याशी बोलले. भावाशी वीस वर्षांपूर्वीच्या बांधावरून पुन्हा एकदा वाद घातला, आणि मिटवलाही. आणि एक दिवस सगळ्यांना समोर बसवून म्हणाले, "पुन्हा असं झालं तर त्या गाडीत घालू नका मला. दुखू देऊ नका, बाकी काही नको."

नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा तीच तहान, तीच झोप सुरू झाली. आम्ही डॉक्टरांना विचारलं, दुखण्याचं औषध नीट चालू ठेवलं आणि त्यांना घरीच ठेवलं. वरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी सारखंच दिसलं असेल, 'घरीच ठेवलं'. पण पहिल्या वेळी ते कोणीतरी त्यांच्या वतीनं ठरवत होतं, दुसऱ्या वेळी त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. गौरी-गणपतीच्या आधी, झोपेतच गेले.

कॅल्शियम कळल्यानं माणूस वाचला नाही. कॅन्सरमध्ये ते चढतं तेव्हा आजार बहुधा फार पुढे गेलेला असतो. पण शुद्धीवर येऊन चार शब्द बोलता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात असं आजारपण आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. कॅन्सरच्या माणसाला एकाएकी बद्धकोष्ठ, फार तहान, फार लघवी, मळमळ, गुंगी किंवा भ्रम सुरू झाला तर वयावर किंवा औषधांवर ढकलून मोकळे होऊ नका. डॉक्टरांना विचारा, "कॅल्शियम आणि अल्ब्युमिन बघायचं का?" कॅल्शियमच्या किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. साधी रक्ताची तपासणी आहे. पुढे काय करायचं ते आकडा हातात आल्यावर, आणि शक्य असेल तर आजारी माणसाला विचारून ठरवा.

असो. फार लांबलं. पण एकदा सगळं नीट लिहून ठेवायचं होतं.